एमआरपी नाही, दर बघा: आठवड्याच्या किराण्याचं साधं गणित

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत.)

आज कोडिंग नाही, गॅजेट नाही. आज किराणा.

हसू नका. विषय का निघाला ते आधी सांगतो. नवीन पनवेलला आम्ही तिघं मित्र एका फ्लॅटमध्ये राहतो. मार्चमध्ये आमच्यातल्या एकाची नोकरी गेली. भाडं त्याने शिलकीतून भरलं. पण आठवडाभरात लक्षात आलं की हा सकाळी पोहे नको म्हणतो, रात्री दोन पोळ्यांवर उठतो. विचारलं तर, "भूक नाही रे." भूक होती. किराण्यातला आपला वाटा देता येत नाही, म्हणून पठ्ठ्या जेवणच कमी करत होता. (त्याला विचारूनच हे सांगतोय.)

तेव्हा पहिल्यांदा आम्ही हिशोब मांडला. आठवड्याला 2,600 रुपये, म्हणजे प्रत्येकी साधारण 867. तिघांच्या मानाने आकडा मोठा. आणि खाण्यात तर काहीच शाही नव्हतं! मग पैसे जात होते कुठे?

चुकीच्या कॉलमवर सॉर्ट

ॲपवर आपण काय करतो? 'किंमत: कमी ते जास्त' दाबतो. समजा, तूरडाळीचे तीन पॅक आहेत. 400 ग्रॅम 72 रुपये, 500 ग्रॅम 95 रुपये, 1 किलो 168 रुपये. यादीत सगळ्यात वर येणार 72 वाला. स्वस्त वाटतो ना? आता किलोचा दर काढा. पहिला 180, दुसरा 190, तिसरा 168. म्हणजे वरती दिसला तो स्वस्त नव्हताच. आपण पाकिटाची किंमत बघत होतो, डाळीचा दर नाही.

याला एक कारण आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने पॅकबंद वस्तूंच्या नियमांत दोन मोठे बदल जाहीर केले, ते पुढे लागू झाले. एक, डाळ, तेल, चहा, बिस्किटं अशा काही वस्तूंना पॅकची ठरावीक मापं सक्तीची होती, ती सक्ती काढली. म्हणून आता पाव-अर्धा-एक किलो सोडून कसलीही वजनं दिसतात. दोन, त्याच्या बदल्यात पाकिटावर दर छापणं सक्तीचं केलं. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात 'यूएसपी' असं काहीतरी लिहिलेलं असतं बघा. मार्केटिंगवाला यूएसपी नाही. 'युनिट सेल प्राइस', म्हणजे एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव.

इथे एक गोम आहे. पॅक किलोच्या आतला असेल तर दर ग्रॅममध्ये देतात, किलोच्या वरचा असेल तर किलोमध्ये. त्यामुळे एकावर 0.19 आणि दुसऱ्यावर 168 असं काहीतरी दिसतं. ग्रॅमच्या दराला 1,000 ने गुणा, झालं. 0.19 म्हणजे किलोला 190.

तेलात तर हे हमखास बघा. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारीच तशीच दिसणारी 750 ग्रॅमची पिशवी असू शकते. समजा 910 ग्रॅमची 155 ला आणि 750 ची 132 ला आहे. दुसरी 23 रुपयांनी स्वस्त वाटते, पण किलोला पहिली पडते 170 आणि दुसरी 176.

सुटं की पॅकबंद?

18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळी, पिठावर 5 टक्के जीएसटी आला. वाण्याकडे सुटं तोलून घेतलं तर तो लागत नाही. म्हणून सुटं नेहमी स्वस्तच असतं असं नाही, दर्जा बघावा लागतो. पण दर विचारायला काय जातं? शिवाय पाव किलो हवं तर पाव किलोच मिळतं. आणि एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त नाही. कोणी जास्त घेतलेच तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

वाट्याचं वजन किती?

भाजीला आम्ही आता जुन्या पनवेलला, उरण नाक्याच्या मार्केटला जातो. तिथे बऱ्याच गोष्टी वाट्यावर मिळतात. वीसचा वाटा, तीसचा वाटा. दिसायला भरगच्च, पण वजन कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या मित्राने स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला आणि महिनाभर प्रत्येक वाटा घरी आणून तोलला. निष्कर्ष मजेशीर निघाला. काही वाटे किलोच्या भावापेक्षा स्वस्त पडले, काही महाग. आता डोळ्यांना अंदाज आलाय. आयांना तो न तोलता असतो, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात महाग भाजी

सगळ्यात महाग भाजी कोणती? फेकलेली. समजा, टोमॅटो अर्धा किलो 25 ला आणि एक किलो 40 ला आहे. तुम्ही 'स्वस्त' म्हणून किलो घेतले आणि 400 ग्रॅम सडले. खाल्ले 600 ग्रॅम, पैसे गेले 40. म्हणजे किलोला जवळपास 67 रुपये! अर्धा किलो घेऊन सगळे संपवले असते तर 50 च पडले असते. रवा-मैद्याचंही तेच. पनवेलच्या पावसाळ्यात मोठं पाकीट उघडून ठेवलं की त्यात पाहुणे आलेच.

'फ्री डिलिव्हरी'ही याच जातीची. 25 रुपये वाचवायला 50 चे वेफर्स टाकले, तर वाचले किती? उणे 25.

म्हणून आमचा नियम आता एवढाच: पैसे भागिले जेवढं पोटात गेलं तेवढं. तोच खरा दर. त्यासाठी तीन सवयी लावल्या. बाजाराला जाण्याआधी फ्रिजचा फोटो. यादी आठवड्याच्या जेवणावरून, ऑफरवरून नाही. आणि फेकलेलं सगळं फ्रिजच्या दारावरच्या कागदावर लिहायचं. ही तिसरी सवय सगळ्यात जास्त लाज आणते, आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवते.

दीड महिन्यात 2,600 चे साधारण 2,000 झाले. जेवण तेच, तिघांचं. आम्ही दोघं हजार-हजार देतो. म्हणजे प्रत्येकावर आठवड्याला 133 रुपयांचा बोजा वाढला. बाहेरची एक कॉफी. हे गणित कागदावर दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे, पण यादी आणि बाजार माझ्याकडे." इंटरव्ह्यू अजून चालू आहेत. पोहे मात्र रोज खातो.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर एकच करा. डाळीचं कुठलंही पाकीट उचला आणि तो बारीक छापलेला दर शोधा. सापडला की सांगा. भेटू पुढच्या भागात!