विश्लेषण : माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला? उत्क्रांतीवरील आक्षेप आणि त्यांची उत्तरे

निफाड किंवा दिंडोरीतल्या द्राक्ष बागायतदाराने डार्विन वाचलेला असो वा नसो, एक गोष्ट तो पक्की जाणतो. डाऊनीवर तेच ते बुरशीनाशक सलग मारत राहिले, तर काही काळाने ते लागू पडेनासे होते. औषध तेच, मात्राही तीच. बदललेली असते ती बुरशी. उत्क्रांतीची सुरुवात अशीच होते. तरीही ‘उत्क्रांती कुणी पाहिली?’ हा प्रश्न व्यासपीठांवरून आणि व्हॉट्सॲपवरच्या चित्रफितींतून पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि टाळ्याही घेतो. हा आक्षेप काय आहे, त्याला वैज्ञानिकांनी काय उत्तर दिले आणि ते उत्तर श्रोत्यांपर्यंत पोहोचते का, याचा हा आढावा.

महाराष्ट्रात वाद कशावरून पेटला?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) वैदिक संमेलन झाले. तेथे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी ना लिहून ठेवले, ना सांगितले, असा त्यांचा युक्तिवाद होता. अभ्यासक्रमातही बदल हवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे सांगितले.

वैज्ञानिकांनी काय उत्तर दिले?

औरंगाबादच्या विधानानंतर दोन-तीन दिवसांत देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढले. उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांबद्दल वैज्ञानिकांमध्ये वाद नाही आणि हा विषय अभ्यासक्रमातून काढणे हे मागे नेणारे पाऊल ठरेल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितल्याचे जाहीर केले. निवेदन नेमके होते. पण ते इंग्रजीत होते आणि त्यात निष्कर्ष होता, पुरावा उलगडून दाखवलेला नव्हता. मूळ आक्षेप मात्र साध्यासोप्या एका वाक्याचा होता. त्यामुळे त्याच भाषेत उत्तर देण्याचे काम शिक्षक, विज्ञान लेखक आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांवर येऊन पडते.

माणूस माकडापासून झाला, असे विज्ञान म्हणते का?

नाही. आजच्या कुठल्याही माकडापासून माणूस झालेला नाही. आपण आणि चिंपांझी यांचे पूर्वज एक होते आणि साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी या दोन शाखा वेगळ्या झाल्या. चुलत भावाच्या पोटी आपला जन्म झाला, असे कुणी म्हणत नाही. दोघांचे आजोबा एक, एवढेच म्हणतो. ‘मग आजही माकडे का आहेत?’ या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. आपण जन्मलो म्हणून चुलत घराणे संपत नाही.

पण प्रत्यक्ष कुणी पाहिलेच नाही, त्याचे काय?

सत्यपाल सिंह राजकारणात येण्यापूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसला तरी बोटांचे ठसे, रक्ताचे डाग आणि घटनाक्रमाची साखळी यांवरून गुन्हा सिद्ध होतो, हे पोलिसांना सांगावे लागत नाही. उत्क्रांतीचा तपासही तसाच चालतो आणि त्याचे काही भक्कम पुरावे आपल्या आसपासच सापडले आहेत. मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा येथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा जीवाश्म मिळाला. ती नेमक्या कोणत्या मानवजातीची, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण तिची ठेवण आजच्या माणसाच्या कवटीहून वेगळी आहे. नाशिकजवळ गंगापूर परिसरात गोदावरीकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी अश्मयुगीन दगडी हत्यारे शोधली. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील हातकुऱ्हाडी तर सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्या जातीच्या माणसाचे सर्वांत जुने जीवाश्म मात्र सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे त्या कुऱ्हाडी घडवणारे हात आपल्या जातीचे नव्हते. ‘माणूस पहिल्यापासून असाच होता’ हे विधान इथेच कोसळते.

द्राक्षबागेत नेमके काय घडते?

पानावरच्या डाऊनीचे सगळे बीजाणू सारखे नसतात. लाखोंमध्ये एखाद्यात योगायोगाने असा जनुकीय बदल असतो, की औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. फवारणीत बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. पोषक हवामानात एका हंगामात बुरशीच्या अनेक पिढ्या होतात, म्हणून हा बदल आपल्या डोळ्यांदेखत दिसतो. वेगवेगळ्या गटांतील औषधे आलटून-पालटून वापरावीत, हा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी हीच गोष्ट मोठी किंमत मोजून अनुभवली. बीटी कापसाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी गुजरातच्या चार जिल्ह्यांत आढळल्याचे २०१० मध्ये बियाणे कंपनीनेच मान्य केले. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कापूस तिने पोखरला.

बुरशी तर बुरशीच राहिली, नवी जात कुठे झाली?

हा आक्षेप तुलनेने गंभीर आहे आणि त्याला हसून टाळू नये. लहान बदल साठत गेले, दोन गट एकमेकांपासून तुटले आणि पुरेसा काळ गेला, तर जाती वेगळ्या होतात. यातला ‘पुरेसा काळ’ खडकांत वाचता येतो. देवमाशाचे उदाहरण घ्या. काश्मीरमध्ये सापडलेला, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा ‘इंडोह्यूस’ हा खुरांचा छोटा प्राणी जमिनीवर चालत असे, पण त्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या धाटणीचे आहे. कच्छमध्ये सापडलेला ‘कच्छिसीटस’ हा पाय असलेला आदिम देवमासा. जमिनीवरून समुद्राकडे गेलेल्या या प्रवासाचे टप्पे भारतीय उपखंडातच मिळाले आहेत.

‘थिअरी’ म्हणजे नुसता अंदाज का?

‘ही थिअरी झाली, प्रॅक्टिकल वेगळं’ असे आपण सहज म्हणतो. विज्ञानात मात्र सिद्धांत म्हणजे अनेक पुराव्यांना एकत्र बांधणारे आणि वारंवार तपासले गेलेले स्पष्टीकरण. गुरुत्वाकर्षणाचाही सिद्धांतच आहे. म्हणून कुणी गच्चीवरून उडी मारून पाहत नाही.

जाहीर वादविवाद हा उपाय आहे का?

याबाबत विवेकवाद्यांतही एकमत नाही. अमेरिकेत ड्युएन गिश हे निर्मितीवादी वक्ते काही मिनिटांत इतके आक्षेप मांडत, की समोरच्याला एकेकाचे उत्तर देणे अशक्य होई. या पद्धतीला त्यांच्याच नावावरून ‘गिश गॅलप’ म्हटले जाते. स्टीफन जे गूल्ड यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ म्हणूनच अशा सामन्यांपासून दूर राहिले. पण गप्प राहिले, तर श्रोते एकच बाजू ऐकून घरी जातात. मधला मार्ग असा : सगळे आक्षेप घेत बसू नयेत, एकच निवडावा, शांतपणे विचारावा. ‘तुमचे म्हणणे चुकीचे ठरवील असा कोणता पुरावा तुम्ही मान्य कराल?’ हा त्यांपैकी सर्वांत उपयोगी प्रश्न. श्रद्धेची टिंगल तर मुळीच नको. विसाव्या शतकातील थोर उत्क्रांती-शास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते. देव आहे की नाही, याचा निवाडा उत्क्रांती करत नाही.

विद्यार्थ्यांचे काय?

खरा प्रश्न इथे आहे. अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली ‘एनसीईआरटी’ने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुले पत्र लिहून निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय राहिला. पण दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा अभियांत्रिकीकडे वळणारे मूल तिथवर पोहोचतच नाही. ‘बालभारती’ने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनचे मात्र पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन मुलांपैकी एकाच्या पुस्तकात उत्क्रांती असते, दुसऱ्याच्या नसते. हीच मुले उद्या बाग सांभाळतील, औषधाचे दुकान चालवतील, रुग्णाला प्रतिजैविके लिहून देतील. डोस अर्धवट का सोडू नये, फवारणीचे औषध का बदलावे, या प्रश्नांची मुळे त्या वगळलेल्या पानांत आहेत.