दोन दिवसांत आटणारं तळं

वीस बाय तीस फुटांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो तसा, वर टिनाचं नाहीतर कवेलूंचं छप्पर. जुलैच्या एखाद्या दुपारी ४० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका छपरावरून किती पाणी उतरेल? हिशोब पाचवीतल्या मुलालाही जमेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. छप्पर सुमारे ५६ चौरस मीटर. म्हणजे २,२४० लिटर! दोनशे लिटरचे अकरा ड्रम भरून वर उरतं, आणि तेही एका वर्गाच्या छपरावरून. चंद्रपूरचा वर्षाचा पाऊस १,२०० मिलिमीटरच्या आसपास धरला, तर हाच आकडा ६७ हजार लिटरवर जातो.

हे सगळं पाणी पागोळ्यांतून अंगणात पडतं, मैदानातली माती उचलतं आणि गेटाबाहेरच्या नालीला लागतं. त्याला वाटेत दोन दिवस थांबवता आलं तर? त्यासाठी धरण लागत नाही. वीतभर खोल, बशीसारखा पसरट खड्डा आणि त्यात योग्य झाडं, एवढ्यावर काम भागतं. यालाच रेन गार्डन म्हणतात. आपण पाऊसबाग म्हणू.

आजच्या अर्थाने पाऊसबाग सुरू झाली ती १९९० च्या सुमारास, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात. प्रिन्स जॉर्जेस काउंटीत एक नवी वसाहत उभी राहत होती. पावसाचं पाणी साठवायला एकच मोठं तळं खोदण्याऐवजी घरोघरी एकेक लहान खोलगट बाग करायची, असं तिथे ठरलं. काउंटीच्या पर्यावरण विभागातले लॅरी कॉफमन यांनी ही कल्पना पुढे नेली. पाणी जिथे पडतं तिथेच मुरवायचं, हे त्यामागचं साधं सूत्र.

झाडीपट्टीतल्या माणसाला हे सूत्र परकं वाटणार नाही. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले गेले, कोहळी समाजाने तर त्यात पिढ्यान् पिढ्या हातखंडा मिळवला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. आज आपण त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत ते हजारोंनी आहेत. शेतातली बोडी हा त्यांचाच धाकटा अवतार. पाण्याची वाट ओळखायची, उताराच्या बाजूला पाळ घालायची, जास्तीच्या पाण्याला सांडवा ठेवायचा, हे तीन नियम तलावाला लागू आहेत तसेच पाऊसबागेलाही. फरक हेतूचा आहे. बोडीने पाणी धरून ठेवायचं असतं, पाऊसबागेने ते जमिनीच्या स्वाधीन करायचं असतं.

म्हणून मुलांना शिकवायची सुरुवात कुदळीने करायची नाही, पाहण्याने करायची. पहिला पावसाळा निरीक्षणाचा. पाऊस थांबला की छत्र्या घेऊन मैदानात जायचं. पाणी कुठून आलं, कुठे वळलं, कुठे साचलं, हे कागदावर बाणांनी मांडायचं. एकदा असा नकाशा हाताने काढला की वर्गात शिकलेलं ‘पाणलोट क्षेत्र’ शाळेच्या अंगणातच सापडतं. उतार मोजायला तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड पुरतो. त्यांची ए-फ्रेम बांधून गावोगावच्या पाणलोटाच्या कामांत समपातळी रेषा आखतात. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळीही चालते.

मग माती. मूठभर माती पारदर्शक बाटलीत पाण्याबरोबर खळखळून हलवायची आणि बाटली ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते. गाळाला काही तास लागतात. चिकणमातीचे कण मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. वरोरा-भद्रावतीकडची काळी माती आणि सिंदेवाही-मूलकडची धानाची माती अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, तर एकाच जिल्ह्याचे दोन स्वभाव समोर दिसतात.

खरी परीक्षा मात्र खड्ड्यात होते. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरायचा आणि पूर्ण मुरू द्यायचा. पुन्हा भरायचा, त्यात पट्टी उभी धरायची आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते पाहायचं. सव्वा सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं, तर जागा योग्य. काळ्या मातीत पाणी अडून बसतं, कारण तिचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यातल्या भेगा बुजवून टाकतात. तिथे खालची दीड-दोन फूट माती काढून वाळू आणि शेणखत मिसळलेली माती भरावी लागते, आणि बाग अधिक उथळ व पसरट करावी लागते.

इथे एक गोष्ट धानकऱ्याच्या पोराला सगळ्यांत आधी कळेल. रोवणीच्या आधी बांधीत चिखलणी कशासाठी करतात? ओल्या मातीतली बारीक छिद्रं मोडावीत, म्हणजे पाणी खाली न जाता बांधीतच राहील. त्याच मातीत गांडुळांची बिळं आणि कुजलेल्या मुळांच्या नळ्या शाबूत राहिल्या, तर तिच्यातून पाणी सहज खाली जातं. माती तीच, पण तिच्याशी आपण कसं वागलो त्यावर ती पाणी धरणार की सोडणार हे ठरतं. म्हणून पाऊसबाग हिवाळ्यात, कोरड्या जमिनीत खोदायची. ओल्या खड्ड्यात पन्नास मुलं नाचली, तर नकळत चिखलणी होऊन बसेल.

आकाराचं गणित पुन्हा सोपं. जितक्या छपराचं पाणी येणार, त्याच्या पाचव्या भागाएवढी बाग. आपल्या ५६ चौरस मीटर छपराला ११ चौरस मीटरच्या थोडी वर, २० सेंटिमीटर खोल. यात मावणारं पाणी गुणून पाहा: तेच २,२४० लिटर. भिंतीच्या पायापासून बाग निदान दहा फूट लांब हवी. संडासाच्या टाकीवर किंवा पिण्याच्या विहिरीला लागून ती करायची नाही. पाणी शिरतं तिथे दगड रचायचे, म्हणजे धार मोडते.

आता डास. गडचिरोली हा मलेरियाने सतत गांजलेला जिल्हा, तेव्हा पालक हा प्रश्न विचारणारच आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. उत्तर घड्याळात आहे. अंड्यातून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. नीट बांधलेल्या बागेतलं पाणी २४ ते ४८ तासांत मुरतं. पाणी तिसऱ्या दिवशीही दिसलं, तर बांधणीत चूक आहे आणि ती त्याच दिवशी दुरुस्त करायची. रोजची ही नोंद मुलांकडेच द्यावी. आरोग्याचा इतका जिवंत धडा दुसरा मिळणार नाही.

आणि झाडं? ती विलक्षण हवीत. दोन दिवस पाय पाण्यात, नंतर आठ महिने कोरड, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वरचं ऊन. अशी झाडं शोधायला रोपवाटिकेची यादी लागत नाही, जवळच्या नाल्याच्या काठावर जावं. तिथे वाळा, लव्हाळा, निर्गुडी उभे असतात, नेमका हाच जीवनक्रम जगत. वाळा मध्यभागी लावावा. ज्याच्या ताट्यांचा गारवा आपण उन्हाळ्यात घेतो, त्याच्या मुळ्या चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात. जुनी मुळी कुजली की तिच्या जागी पाण्याला उतरायला वाट तयार. उतारावर निर्गुडी, कोरड्या काठावर गवती चहा आणि शतावरी.

हाताने काम करत शिकण्याची वाट या भागाला नवी नाही. १९३७ साली शेजारच्या वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत साठच्या दशकाच्या अखेरीपासून तरुण मुलंमुली कुदळ-फावडं हाती घेत आली आहेत. पाऊसबाग त्याच परंपरेत बसते, आणि तिच्यात गणित, भूगोल, विज्ञान व श्रम एका खड्ड्यात एकत्र येतात.

शिक्षकांना एवढीच विनंती. या पावसाळ्यात एका पावसानंतर मुलांना मैदानात न्या आणि पाण्याच्या वाटेचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्या. हिवाळ्यात खोदा, पुढच्या जूनअखेर शाळा उघडली की रोपं लावा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या धानकऱ्याला पाळ कशी घालायची हे दाखवायला बोलवा. त्याला हे सगळं येतं, फक्त शाळेने त्याला आजवर विचारलेलं नाही.