कोयत्याबरोबर आलेली पोरं



दसरा-दिवाळी झाली की टोळ्या उतरतात. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची माणसे, त्यांचे बैल, कोंबड्या आणि पोरंसुद्धा. तोड कधी मिळेल हे आपण शेतकी खात्यात रोज विचारतो. पोरांची विचारपूस आपल्यापैकी फारच थोडे करतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल मिळते ती या जोडीवर. पावसाळ्यातच ती दवाखान्यात, उधारीत संपते आणि हंगामभर अंगमेहनतीने फेडायची असते. आई गावी थांबली तर कोयता अर्धा होतो. आजी-आजोबा धडधाकट असले तर मूल त्यांच्यापाशी राहते, नाहीतर गाडीत बसते. पोर तापाने फणफणले नि आई कोपीवर राहिली, तर खाडा पडतो. त्याचे पैसे बऱ्याच ठिकाणी कापतात. मग धाकट्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. तिची शाळा तिथेच सुटते. वयात आलेली लेक कोपीवर एकटी ठेवायची भीती वाटते, आणि लग्न केले की नवा कोयता तयार होतो. १८ च्या आत लग्ने होतात त्यामागे हे गणित आहे. अडाणी लोक म्हणून हात झटकणे आम्हाला तरी पटत नाही.

आमच्या भूगावात पौड रस्त्याच्या कडेला शेतांच्या जागी इमारती उठल्या. तिथल्या पत्र्याच्या खोल्यांतली पोरं याच जातकुळीची. मुकादमाऐवजी ठेकेदार, इतकेच. उलट तोडीला हंगाम तरी असतो. इमारतीचे काम सरले की बिऱ्हाड कोणत्याही महिन्यात हलते. ५० हून अधिक बायका कामावर असतील तिथे लहान मुलांसाठी खोली हवी, असे १९९६ च्या कायद्याने ठरवले होते. कागदावर ठीक.

सोय अगदीच नाही असे नव्हे. साखरशाळा निघाल्या, मूल गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे झाली. गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरले. पैसा आपल्याच उसातून जातो, तेव्हा त्याचे काय झाले हे वार्षिक सभेत विचारायला हरकत नसावी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नसला तरी शाळेने मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेतले पाहिजे. दुपारचा भातही मिळतो. आपल्या फडावर टोळी आली की पोरे किती, हे विचारून जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना कळवावे. पहिल्या दिवशी कुणीतरी बोट धरून न्यावे लागते, परक्या गावात पोर आपण होऊन जात नाही. हे टोळी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यातच करावे. नंतर पोर वाढे बांधायला लागते.