सोळा बारांचं रिंगण

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ब्लॅकपूल नावाचं सुट्टीचं शहर आहे. तिथल्या टॉवर बॉलरूमचं आजचं रूप फ्रँक मॅचम या वास्तुविशारदाने घडवलं आणि १८९९ साली ते लोकांसाठी खुलं झालं. सोनेरी नक्षीचे सज्जे, रंगवलेलं छत आणि महोगनी, ओक व अक्रोडाच्या तीस हजारांहून अधिक लाकडी ठोकळ्यांची जमीन, असा त्याचा थाट. दुपारी वुर्लिट्झर ऑर्गनचे सूर घुमू लागतात, पुढच्या नाचाचं नाव पुकारलं जातं आणि चहाचे कप बाजूला सारून साठी-सत्तरीची जोडपी उठतात. सगळी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. एका जोडीने पाऊल टाकलं की सगळ्या जोड्यांचं तेच पाऊल पडतं, एकाने गिरकी घेतली की सगळा हॉल फिरतो. हे सिक्वेन्स डान्सिंग.

बॉलरूम नृत्याच्या प्रचलित प्रकारांत पुढचं पाऊल कोणतं, हे जोडीतला एक जण नाचता नाचता ठरवतो आणि दुसरा साथ देतो. सिक्वेन्समध्ये पावलं आधीच ठरलेली असतात. संगीताचे सोळा बार, म्हणजे ठोक्यांचे सोळा समान गट, क्वचित बत्तीस, एवढाच एका नाचाचा ऐवज. तो संपला की तोच पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच एका गावात शिकलेला माणूस दुसऱ्या गावच्या हॉलमध्ये जाऊन अनोळखी जोडीदाराबरोबर बिनधास्त उभा राहू शकतो. दोघांना ठाऊक असलेल्या त्या सोळा बारांच्या भरवशावर ओळख नसताना हात हातात देता येतो. या नृत्याची खरी श्रीमंती मला यातच दिसते.

याची मुळं एकोणिसाव्या शतकातल्या क्वाड्रिल आणि लान्सर्स या नाचांत आहेत. चार-चार जोडप्यांचा चौक करून ते नाचले जात. १९०० साली आर्थर मॉरिस यांनी ‘व्हेलेटा’ रचला आणि ठरलेल्या पावलांचा जोडीनाच घराघरांत पोहोचला. त्याच सुमारास ‘मिलिटरी टू-स्टेप’ आला, १९०८ च्या आसपास ‘बोस्टन टू-स्टेप’. शंभराहून अधिक वर्षं उलटली, तरी हे नाच आजही चालतात.

व्हेलेटाची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. लय वॉल्ट्झची, एका बारात तीन ठोके. पहिल्या दोन बारांत जोडपं एक हात धरून शेजारी शेजारी पुढे सरकतं आणि समोरासमोर वळतं. तिसऱ्या-चौथ्या बारात एक पाऊल बाजूला, दुसरं त्याला मिळवायचं, असं दोनदा. पुढच्या चार बारांत हेच सगळं उलट दिशेने. नवव्या बारात दोघं वॉल्ट्झची पकड घेतात आणि दोन बारांत एक पूर्ण गिरकी. अकराव्या-बाराव्या बारात पुन्हा बाजूची दोन पावलं. शेवटचे चार बार नुसत्या गिरक्यांचे. अठ्ठेचाळीस ठोके संपतात तेव्हा जोडपं पहिल्याच पवित्र्यात असतं, फक्त हॉलमध्ये थोडं पुढे गेलेलं. नवख्याला अर्ध्या तासात जमावं इतकं हे सोपं आहे. डौल यायला मात्र वर्षं जातात.

पहिल्या महायुद्धानंतर जॅझ आला, फॉक्सट्रॉट आला आणि तरुणांना ठरलेली पावलं जुनाट वाटू लागली. तरीही १९२० साली ईस्टरच्या आठवड्यात ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समधल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये पहिला नृत्यमहोत्सव भरला, तो नवे सिक्वेन्स नाच शोधण्यासाठीच. वॉल्ट्झ, टू-स्टेप आणि वन-स्टेप या तीन लयींसाठी रोज एक अशा तीन स्पर्धा झाल्या आणि चौथ्या दिवशी त्यांतून एक नाच विजेता ठरला. आज ब्लॅकपूल म्हटलं की जगभरचे व्यावसायिक बॉलरूम नर्तक आठवतात. त्या महोत्सवाचा पाया सिक्वेन्स नृत्याने घातला, हे विसरायला नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, बीबीसी रेडिओवर हॅरी डेव्हिडसन यांच्या वाद्यवृंदाचा ‘दोज वेअर द डेज’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि जुन्या नाचांना पुन्हा दिवस आले. पुढे सिक्वेन्ससाठी ब्लॅकपूलमध्ये स्वतंत्र महोत्सवही भरू लागला.

नवे नाच आजही रचले जातात, तेही ओल्ड टाइम, मॉडर्न आणि लॅटिन अशा तिन्ही घराण्यांत. त्यांचा प्रवास ठरलेला आहे. कुणी शिक्षक नाच रचतो आणि नव्या रचनांच्या स्पर्धेत आपल्या जोडीदारासह सादर करतो. निवडून आलेल्या नाचाची ‘स्क्रिप्ट’ छापली जाते. त्यात बारांचे क्रमांक, ठोके, कोणतं पाऊल, कोणती पकड, तोंड भिंतीकडे की मध्याकडे, असं सगळं नोंदलेलं असतं. बहुधा पुरुषाची पावलं सविस्तर दिलेली असतात. वेगळं काही सांगितलं नसेल, तर स्त्रीने त्याच्या उलट पाऊल टाकायचं. ही स्क्रिप्ट शिक्षकांच्या हाती येते, प्रात्यक्षिकांतून नाच डोळ्यांखालून जातो आणि मग तो गावोगावच्या चर्च हॉलमध्ये, क्लबांत शिकवला जातो.

शिकवण्याची रीतही पक्की आहे. आधी शिक्षक जोडीदाराबरोबर पूर्ण नाच करून दाखवतात. मग संगीताशिवाय चार-चार बार चालवून घेतात. चार बार पायांत बसले की पुढचे चार, मग आठ जोडून. शेवटी संगीत सुरू होतं आणि शिक्षक पुढच्या पावलाचं नाव क्षणभर आधी पुकारत राहतात. दोन-तीन आवर्तनं झाली की पुकारा थांबतो. त्या क्षणी वर्गाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, त्यासाठीच शिक्षक वर्षानुवर्षं हे करत असणार.

स्पर्धेची कसोटीही निराळी. सगळ्या जोड्या एकाच संगीतावर तीच पावलं टाकत असल्यामुळे नव्या कसरतींनी परीक्षकांचे डोळे दिपवायची सोय नाही. लेझमीच्या पथकात एकाचा ठेका चुकला की तो लगेच डोळ्यांत भरतो, तसंच इथे. उरतं ते पायाचं नेमकं टेकणं, पाठीचा ताठपणा, गिरकी पुरी होण्याची वेळ आणि दोघांमधला मेळ.

ऑस्ट्रेलियात हीच परंपरा ‘न्यू व्होग’ या नावाने वेगळ्या वळणाने वाढली. तिथल्या बॉलरूम स्पर्धांत तिला स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत ग्रँड मार्च असतो. निवेदकाच्या सूचनेबरहुकूम जोड्या रांगेने चालतात, फुटतात, पुन्हा एकत्र येतात. तो सिक्वेन्स नाच नव्हे, पण सगळ्यांनी मिळून ठरलेली चाल चालण्यातला आनंद तोच.

या नृत्याकडे आज वळतात ते मुख्यतः उतारवयातले लोक. कुणी याला उणेपणा समजतात, मला तो या कलेचा मोठेपणा वाटतो. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शारीरिक हालचालींच्या छंदांपैकी स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध आढळला तो फक्त नृत्याचा. नृत्यामुळेच धोका टळतो, असं त्यातून सिद्ध होत नाही आणि तो अभ्यास खास सिक्वेन्सबद्दलही नव्हता. पण पावलांचा क्रम लक्षात ठेवणं, लय ऐकणं, तोल सांभाळणं आणि जोडीदाराचं भान राखणं, ही चारही कामं सिक्वेन्समध्ये एकाच वेळी करावी लागतात, हे कुणीही पाहून सांगेल.

नव्या नाचांतले बरेचसे काही काळात मागे पडतात. चषक मिळाला म्हणून नाच टिकत नाही. लोकांनी त्याची पुन्हा फर्माईश करावी लागते आणि त्याआधी कुणीतरी तो धीराने शिकवावा लागतो. म्हणून माझ्या लेखी या परंपरेत सर्वांत मोठा मान चर्च हॉलमध्ये नवख्यांकडून पहिले चार बार दहादा चालवून घेणाऱ्या शिक्षकाचा. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांकडे सभागृहं आहेत, मोकळ्या दुपारी आहेत, गाण्यांचं वेड तर आहेच. एखाद्या उत्साही शिक्षकाने तिथे व्हेलेटाचे सोळा बार शिकवून पाहावेत. पुढे मराठी गाण्यांवर आपले स्वतःचे नाच बसवावेत, त्यांची प्रात्यक्षिकं करावीत, स्पर्धा भरवाव्यात. या कलेला आपल्याकडे रुजवायला याहून जास्त काही लागणार नाही.