उंटावरून शेळ्या

गावातली तरणी पोरे पूर्वी मुंबईला गिरणीत लागत. आता दुचाकी आणि मोबाइल असला, की पुण्या-मुंबईत घरपोच माल देणाऱ्या कंपनीचे काम मिळते. कंपनी त्यांना नोकर म्हणत नाही. ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार म्हणते.

भागीदारी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. बटईने जमीन करणारा खर्च सोसतो, पण पिकाचा वाटाही घेतो आणि काय पेरायचे ते मालकाशी बोलून ठरवतो. इथे गाडी पोराची, पेट्रोल पोराचे, मोबाइलही पोराचाच. पावसात घसरून पडला, तर मोडलेले हाडही त्याचेच. एका फेरीचे किती पैसे मिळणार, हे मात्र कचेरीत ठरते. तिथे त्याला कुणी विचारत नाही.

झोमॅटो कंपनीचे उदाहरण पाहा. मार्च २०२४ मध्ये तिने शुद्ध शाकाहारी जेवण पोचवणाऱ्यांना हिरवा गणवेश देण्याचे जाहीर केले. मग लाल गणवेशातला पोरगा दिसला, की मांसाहार आला असे समजून लोक त्याला फाटकावरच अडवतील, ही साधी गोष्ट कचेरीत सुचली नव्हती. ओरड झाली, आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घ्यावा लागला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख दीपिंदर गोयल स्वतः गणवेश घालून गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये जेवण आणायला गेले. त्यांना जिन्याने जायला सांगितले. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कळले, की आत जायची मुभाच नाही. पोरांनी जिन्यातच थांबायचे. हे त्यांनी स्वतःच जाहीर केले, हा त्यांचा मोठेपणा. पण पोराला पहिल्या आठवड्यात कळते ते प्रमुखाला गणवेश चढवल्यावर कळले. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणतात ते खोटे नाही.

याउलट मुंबईचे डबेवाले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची ही माणसे १८९० पासून डबे पोचवीत आली. त्यांचा मुकादम वर्षानुवर्षे स्वतः डबे वाहिलेला असतो. कुणी आजारी पडला, तर तोच डबे उचलतो. चैत्रात गावोगावच्या जत्रांसाठी सगळे मिळून रजा घेतात. मुकादमाला रजेचे कारण समजावून सांगावे लागत नाही. त्यालाही गावच्या देवाला यायचे असते.

सरकारने आता थोडी दखल घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत भरावी, अशी तीत तरतूद आहे. पोरांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून जास्त मात्र भरावे लागत नाही.

तेव्हा घरचा मुलगा या कामावर निघत असेल, तर आईबापांनी दोन गोष्टी त्याच्याकडून करून घ्याव्यात. ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावे. आणि शेताच्या हिशेबाची असते तशी एक वही घालावी. रोजची मिळकत, पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, सारे तीत लिहावे. महिन्याच्या शेवटी बेरीज-वजाबाकी करावी, म्हणजे या भागीदारीत आपला वाटा किती, ते त्याचे त्यालाच दिसेल.