पळून आल्यावर भूक कुठे जाते?

वांद्र्याच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने 2017 साली, सतराव्या वर्षी, मुंबईच्या 19 वर्षांखालील संघाकडून सौराष्ट्राविरुद्ध 163 चेंडूंत नाबाद 202 धावा ठोकल्या. धावा फलकावर दिसतात. त्या काढताना जळलेल्या कॅलऱ्यांचा हिशेब भूक ठेवते, असं आपण धरून चालतो. पण कार्टर रोडवर जीव तोडून धावून आलेल्या मुलीपुढे लगेच ताट ठेवा, ती बहुधा म्हणेल, “आई, आत्ता नको गं.”

हे नखरे नव्हेत. दमवणाऱ्या व्यायामात रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळतं आणि जठरातून येणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक काही काळ उतरतं. 2022 मध्ये लॅक-फे नावाच्या रेणूचा उलगडा झाला. जोरात पळताना तयार होणाऱ्या लॅक्टेटपासून तो बनतो. लठ्ठ उंदरांना तो टोचला तर ते कमी खाऊ लागले, आणि पळाल्यानंतर तो माणसांतच नव्हे, शर्यतीच्या घोड्यांतही वाढलेला आढळला! पुढे भूक परतते, पण जळलेलं सगळं वसूल करतेच असं नाही.

वयात येताना चयापचय भडकतो, या समजालाही 2021 मध्ये धक्का बसला. 29 देशांतल्या 6,400हून अधिक लोकांच्या नोंदींतून दिसलं की, आकारमानाच्या मानाने सर्वात जास्त ऊर्जा जाळतं ते वर्षाचं बाळ. तिथून विशीपर्यंत हा वेग उतरतच जातो, मध्ये उसळी नाही. मुलीला जास्त लागतं, कारण ती मोठी होत असते.

मग भुकेने वसूल न केलेली तूट भरते कुठून? मला सर्वात थक्क करतं ते हे. पाळीचं चक्र चालवणारं एलएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ठोक्याठोक्याने सुटतं. संशोधक अॅन लाउक्स यांच्या प्रयोगांत जेमतेम पाच दिवस ऊर्जा कमी पडली, तर हे ठोके विरळ झाले. व्यायाम तेवढाच ठेवून खाणं पुरेसं दिलं, तर बिघाड टळला. म्हणजे दोष धावण्याचा नव्हता. पाळी सुरू होऊन 5 ते 8 वर्षं झालेल्या तरुणींत हा परिणाम दिसला, 14 वर्षं उलटलेल्यांत नाही. शरीर कोवळं तितकं काटकसरी. शिवाय प्रौढपणीच्या हाडांतल्या खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढण्याच्या दोनेक वर्षांत साठतो, आणि तूट लांबली तर तिथेही हात पडतो.

ज्याखाली हे ठोके बिघडतात तो लाउक्स यांचा उंबरठा होता चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 30 कॅलऱ्या, त्याही सरावात जळलेल्या वजा करून. असं 35 किलो वजन असलेल्या मुलीने सरावात 500 जाळल्या, तर 1,550 खाऊन ती नेमकी त्या काठावर येते. निवांत राहायचं तर किलोमागे 45 धरतात, म्हणजे 2,075. मधल्या सव्वापाचशे कॅलऱ्या भूक मागेलच याची खात्री नाही. म्हणून किटबॅगेत केळं आणि शेंगदाण्याचे लाडू हवेत, आणि ते खायचे घड्याळ बघून.