समुद्राने दिलेली जमीन

परशुरामाची गोष्ट कोकणात कुणाला सांगावी लागत नाही. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, जिंकलेली सारी भूमी कश्यपाला दान दिली. मग कश्यप म्हणाला, दान दिलेल्या भूमीवर दात्याने राहू नये. तेव्हा परशुराम सह्याद्रीच्या कड्यावर उभा राहिला, त्याने बाण सोडला आणि समुद्र मागे हटला. उघडी पडलेली पट्टी म्हणजे कोकण. गोव्यात तर बाण पडला ते गावही दाखवतात, बाणावली.

गोष्ट एकच, पण प्रत्येक ठिकाणी तिचा वेष वेगळा. केरळात बाण नाही, परशू आहे. तो गोकर्णाहून फेकला आणि कन्याकुमारीपर्यंत जमीन वर आली. महाभारतातली कथा याहून साधी आहे. तिथे समुद्र स्वतःच परशुरामाला जागा करून देतो आणि त्या जागेचे नाव शूर्पारक. शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारा. कालिदासाच्या रघुवंशात मात्र समुद्राला मागे सारणारे अस्त्र आले आहे. देणारा समुद्र एका कथेत, हटवला गेलेला समुद्र दुसऱ्या कथेत. मला हा फरक फार मोठा वाटतो. पहिल्या गोष्टीत उपकार आहे, दुसरीत पराक्रम.

अशा कथेचा अर्थ लावायचा म्हटले की पहिल्यांदा भूगर्भशास्त्राकडे धाव घेतली जाते. समुद्र खरोखरच मागे गेला असेल आणि लोकांनी ती आठवण जपली असेल, असे आपल्याला वाटते. पण माणसाच्या काळातला मोठा बदल उलट दिशेचा आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळला तसा समुद्र आत आला. आठवणच जपायची होती तर ती जमीन बुडाल्याची असायला हवी होती.

मग समुद्राकडून जमीन घेतली कुणी? याचे उत्तर पुराणात शोधण्याऐवजी पेण-अलिबागच्या खारेपाटात जाऊन पाहावे. खाडीकाठी मातीचे बांध घालायचे, भरतीचे पाणी अडवायचे, बांधाला उघाडी ठेवायची, म्हणजे ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते आणि भरतीचे आत येत नाही. पाच-सहा पावसाळे मिठाचा अंश धुऊन निघाला की भात येते. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली तर सारा गाव चिखलात उतरतो. नाहीतर शेतात पुन्हा खारे पाणी, आणि पुन्हा दोन-चार वर्षे वाया. एका बाणाचे नव्हे, पिढ्यान् पिढ्यांच्या घमेल्यांचे हे काम. मी राहतो त्या तुर्भ्यात आज मसाल्याचा आणि कांद्या-बटाट्याचा घाऊक बाजार आहे, रस्ताभर ट्रक उभे असतात. पण ठाणे खाडीच्या या काठालाही मिठागरे होती आणि भातशेती होती. आगर म्हणजे मिठागर. आगरी हे नावच त्या कामाशी जोडलेले आहे.

तर परशुरामाच्या कथेत या बांधकऱ्यांचे काय झाले? ते गायब झाले. सह्याद्रिखंडात परशुराम नव्या भूमीवर ब्राह्मणांना आणून वसवतो. म्हणजे ही कथा जमीन कशी झाली एवढेच सांगत नाही, ती कुणाला मिळाली तेही सांगते. ती एका अर्थाने सातबारा आहे.

यात आपल्याकडचे काही विशेष आहे असे समजू नका. जपानचा कोजिकी हा ग्रंथ इसवी सन ७१२ मध्ये पूर्ण झाला. त्यात इझानागी आणि इझानामी हे देवदांपत्य आकाशीच्या पुलावर उभे राहून रत्नजडित भाल्याने समुद्र ढवळते. भाला वर काढला की टोकावरून खारे पाणी ठिबकते, साचते, आणि त्याचे बेट होते. वाचताना आपल्याला समुद्रमंथन आणि परशुराम दोन्ही आठवतात. पण हा ग्रंथ दरबाराच्या आज्ञेने सिद्ध झाला होता, आणि पुढच्या कथांत राजघराण्याचे कूळ सूर्यदेवता अमातेरासूपर्यंत नेऊन भिडवले आहे. समुद्रातून बेट काढले देवांनी, तेव्हा राज्य देवांच्या वंशजांचे. हा सातबारा इतका पक्का होता की त्यावर वेगळी नोंद घालायला महायुद्धातला पराभव लागला. १ जानेवारी १९४६ रोजी सम्राट हिरोहितोंनी आपण देव असल्याची कल्पना नाकारणारे निवेदन काढले.

आता दुसऱ्या तऱ्हेच्या गोष्टी पाहू. त्यांत समुद्र जमीन देत नाही, माणसे देतो. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना त्यांनी किनाऱ्यावर पुरले. ही बेने इस्रायल समाजाची मूळकथा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. सह्याद्रिखंडात चित्पावनांची कथा आहे, तिथे समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेते परशुराम चितेवर पावन करतो. हा भाग त्या समाजाला हिणवण्यासाठी घातला असावा असे अनेकांचे मत आहे. पण सात जोड्या आणि चौदा प्रेते हा योगायोग डोळ्यांत भरतोच. सात हा आकडा मोजणीतला नाही, गोष्टीतला आहे. विहिरीवरच्या आसराही सातच असतात. आमच्यातल्या नाईत्यांची परंपरा सांगते की इराकचा जुलमी सुभेदार हज्जाज बिन युसूफ याच्या भीतीने आमचे पूर्वज गलबतात बसले आणि या किनाऱ्याला लागले. पारशांची संजाणची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे.

त्या गोष्टीतला दुधाचा काठोकाठ भरलेला पेला आणि त्यात विरघळलेली साखर हा प्रसंग १५९९ च्या 'किस्सा-ए-संजाण' या काव्यात नाहीच! तो नंतर तोंडोतोंडी आला. आणि आला कुठून? बगदादच्या अब्दुल कादिर जीलानींची गोष्ट मी लहानपणी आजीकडून ऐकली आहे. शहरात आधीच इतके अवलिये आहेत, तुला जागा नाही, हे सुचवायला पाण्याने भरलेला पेला पाठवला गेला. त्यांनी त्यावर गुलाबाचे फूल ठेवून परत केला. मुलतानच्या पिरांबद्दल आणि गुरू नानकांबद्दलही हीच गोष्ट सांगतात. गोष्ट गावोगाव फिरते, पेला तोच असतो, वरचे फूल बदलते.

या कथांना वंशावळ समजून रक्त तपासत बसण्यात हशील नाही. तपासले तरी काय निघते? बेने इस्रायलांचा जनुकीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात ज्यू वारसाही सापडला आणि भारतीयही. गलबत खरे असेल, पण वाचलेल्यांनी इथेच घरे केली हेही तितकेच खरे. केहिमकर, नवगावकर, रोहेकर ही आडनावे तेच सांगतात. फुटलेल्या गलबताच्या गोष्टीचा दडलेला अर्थ माझ्या मते असा : आम्ही तलवार घेऊन आलो नाही, आम्हाला समुद्राने टाकले, तुम्ही ठेवून घेतले. ती राहण्याची परवानगी मागणारी गोष्ट आहे. कुणालाही 'तू बाहेरचा' म्हणण्यासाठी तिचा उपयोग करणारा माणूस तिला उलटी वाचतो. आणि खुद्द परशुरामाची कथा काय सांगते? तोही जमीन नसलेला, राहायला जागा मागणाराच होता.

आगऱ्यांच्या जुन्या कथेत मात्र गलबत नाही. आगळा आणि मांगळा हे दोघे मूळपुरुष, एक मिठाकडे गेला, दुसरा मासेमारीकडे. त्यात जमीन मिळाल्याचा उल्लेख नाही, काम मिळाल्याचा आहे. त्या जमिनीचा हिशेब पुढे वेगळ्या मार्गाने मागावा लागला. खारेपाटातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसणे बंद केले. संप १९३९ पर्यंत चालला. मध्येच १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९७० मध्ये सिडको आली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. त्यात आमचे तुर्भेही आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्यांना तो भूखंड मिळाला त्यांच्या कागदांवर प्लॉट नंबर आहे, सेक्टर नंबर आहे. तिथला बांध कुणी घातला होता, त्याचा रकाना नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)